मेजासमोरचा हात

"मावशी, मी या रविवारपासून ऑर्गन वाजवणार नाही," असं ती म्हणाली तेव्हा आम्ही चौकातल्या सिग्नलला उभ्या होतो आणि माझं सगळं लक्ष तिच्या क्लचवरच्या पायाकडे होतं. सिग्नल सुटला, तिनं पाय झटकन उचलला, गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा गोंगाट सुरू झाला.

"वाजवू दे त्यांना," मी म्हटलं. "चावी फिरव. का नाही वाजवणार? परीक्षा आहे का?"

"नाही."

"मग? हात दुखतोय?"

"नाही. डावीकडे वळू?"

"वळ. आधी आरसा बघ."

मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते. स्कूल म्हणजे एक गाडी, गाडीवर एक पाटी आणि आत मी. शिकायला येणाऱ्या बायका गाडीत बसल्या की घरात कधी बोलत नाहीत ते बोलतात, हे मला सवयीचं आहे. समोर रस्ता असतो, एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. सासूपासून मुळव्याधीपर्यंत मी सगळं ऐकलेलं आहे. पण ही पोरगी बोलणाऱ्यांतली नव्हती. आमच्या चर्चमध्ये ती लहानपणापासून ऑर्गन वाजवते. पहिल्यांदा बसली तेव्हा तिचे पाय खालच्या पट्ट्यांना पुरत नव्हते, म्हणून बाकाच्या कडेवर टेकून वाजवायची. आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून "बरं" आणि "कोणतं गाणं?" यापलीकडे मी फारसं काही ऐकलं नव्हतं.

आरसा बघून ती वळली आणि रस्त्यावरची नजर न काढता सांगायला लागली. मंगळवारी संध्याकाळी गाण्यांचा सराव असतो. सराव संपला की पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, तिला थांबवून घेत, रविवारची गाणी ठरवायला. वाद्यांच्या खोलीला आतून कडी आहे. साहेब ती कडी लावत. सुरुवातीला मागे उभे राहून खांद्यावर हात ठेवत. मग हात खांद्यावर राहिला नाही. गेलं वर्षभर हे चाललं होतं. ती एकेक वाक्य बोलायची, मध्येच "गिअर बदलू?" विचारायची, मी "बदल" म्हणायची आणि ती पुढचं वाक्य बोलायची.

"आणि झाल्यावर ते प्रार्थना करतात," ती म्हणाली.

"कसली प्रार्थना?"

"माझ्यासाठी. मी त्यांना मोहात पाडते ना, त्याची मला क्षमा मिळावी म्हणून."

माझ्या बाजूला वेगळा ब्रेक आहे. त्यावर माझा पाय कधी गेला ते मला कळलं नाही. गाडी भर रस्त्यात गचकन थांबली.

"मी काही चुकले का?" तिनं विचारलं.

ती गाडीबद्दल विचारत होती की दुसऱ्या कशाबद्दल, हे मला आजतागायत समजलेलं नाही. मी म्हटलं, "तू नाही गं, माझाच पाय पडला. घे बाजूला."

बाजूला घेतल्यावर तिनं आईबद्दल सांगितलं. आईला सांगितलं तर आई रडली, आणि मग म्हणाली, तूच वाजवणं सोड म्हणजे विषय मिटेल. आईचंही मला कळत होतं. हिचे वडील वारले तेव्हा महिनाभर पाळकसाहेबच रोज त्यांच्या घरी जाऊन बसत होते. ज्या माणसानं नवऱ्याला माती दिली त्याच्याबद्दल असं ऐकून घ्यायला कान तयार होत नाहीत.

"पण मला सोडायचं नाहीये, मावशी," ती म्हणाली. "ते असताना नाही वाजवायचं, एवढंच. मी का जाऊ?"

मी तिला घरी सोडलं आणि पुढच्या विद्यार्थिनीला फोन करून सांगितलं, आज गाडी बिघडलीय. गाडी ठणठणीत होती. बिघडले होते ती मी.

आमच्या चर्चचं पंचमंडळ म्हणजे पाच पुरुष आणि मी. मला घेतलं ते एक तरी बाई असावी म्हणून, आणि घेतल्यापासून त्यांना पस्तावा होतोय. माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणतात, त्यात खोटं काही नाही. सेक्रेटरी माझे थोरले दीर. ते हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे सगळी मंडळी त्यांना सर म्हणते. मी भाऊजी म्हणते. चर्चची इमारत उभी राहत होती तेव्हा शाळा सुटल्यावर विटा वाहायला जाणारा हा माणूस. जाऊबाई गेल्यापासून त्यांना घर म्हणून चर्चच उरलं होतं. मी गेले तेव्हा ते खिडकीशी बसून बुटांना पॉलिश करत होते.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बसवेना मला. त्यांनी बूट खाली ठेवला, ब्रश मात्र हातातच राहिला.

"हे खरं आहे?"

"ती गाडी चालवत होती, भाऊजी. नवशिक्या माणसाला गाडी चालवताना खरं बोलतानाच घाम फुटतो, खोटं कुठून सुचणार?"

त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. कपाळाला काळं पॉलिश लागलं, तेही त्यांना कळलं नाही. त्यांचा विश्वास बसला होता, हे मी बघितलं. पुढे जे झालं ते त्यांना पोरगी खोटी वाटली म्हणून झालं नाही, एवढं मला सांगितलंच पाहिजे. मग ते म्हणाले, "मेजासमोर मिटवू."

आमच्याकडे एक रीत आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षरस मेजावर झाकून ठेवलेला असतो. पाळक विचारतात, "कोणाच्या मनात कोणाबद्दल काही आहे का?" मग सेक्रेटरी उभे राहून ज्यांचं बिनसलंय त्या दोघांना पुढे बोलावतात. दोघं मेजासमोर येतात, हात मिळवतात, आणि तेव्हाच मेजावरचं कापड निघतं. तोवर कोणी घास घेत नाही. पाळक बदलत गेले, पण ही रीत आमचीच आणि आम्हाला तिचा भारी अभिमान. कुंपणाच्या भिंतीवरून कोर्टात गेलेले शेजारी तिथे मिटले. वर्षानुवर्षं न बोलणारे सख्खे भाऊ तिथे गळ्यात पडून रडले. सासूबाईंच्या शिलाई मशीनवरून मी आणि जाऊबाई एका अंगणात राहून एकमेकींना पाठ दाखवत होतो, तो अबोलाही तिथेच सुटला. त्या दिवशी जाऊबाईंचा हात थंडगार होता, आणि मशीन शेवटी कोणीच वापरलं नाही. तो हात खरा होता. म्हणून भाऊजी म्हणाले तेव्हा मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही ते चटकन सांगता येईना. आणि चटकन सांगता आलं नाही की मी चिडते.

"मिटवायला ते काय भांडण आहे?" एवढंच मी म्हटलं आणि दार आपटून आले.

बुधवारी पंचमंडळ बसलं. दातांचे डॉक्टर, विमा एजंट, ट्रॅव्हल्सवाले, फर्निचरवाले, भाऊजी आणि मी. भाऊजींनी प्रकार सांगितला. फर्निचरवाल्यांनी मान खाली घातली ती शेवटपर्यंत वर केली नाही. मग पाळकसाहेबांना आत बोलावलं. ते आले, खुर्चीवर बसले, आणि कोणी काही विचारायच्या आधीच रडायला लागले. म्हणाले, मी दुबळा आहे, सैतानानं मला गाठलं, माझ्या बायकोला हे कळलं तर ती मरेल. विमा एजंटांचे डोळे भरून आले. ट्रॅव्हल्सवाले धावत जाऊन पाणी घेऊन आले. डॉक्टर त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागले.

"त्या पोरीला कोणी पाणी विचारलं का?" मी म्हटलं.

"आता ती इथे आहे का?" डॉक्टर म्हणाले.

"नाही ना. हेच म्हणतेय मी."

पाळकसाहेब बाहेर गेल्यावर माझं काय म्हणणं आहे ते मी सांगितलं. यांना आजच्या आज पाळकपणावरून दूर करा. चौकशीला बाहेरची माणसं बोलवा, कारण आपण सगळे त्यांच्या घरी जेवलेलो आहोत. पोलिसांत जायचं असेल तर आपण सोबत येऊ, असं पोरीला सांगा. आणि मंडळीला खरं काय ते सांगा, तिचं नाव न घेता.

"म्हणजे मंडळी फोडा," डॉक्टर म्हणाले.

"ती सज्ञान आहे, पण लग्नाची पोर आहे," विमा एजंट म्हणाले. "बभ्रा झाला तर नुकसान तिचंच."

"त्यांनी पश्चात्ताप केलाय," ट्रॅव्हल्सवाले म्हणाले. "पश्चात्ताप केलेल्याला आपण दगड मारायचे?"

चांगली माणसं हो सगळी. कोणाच्या घरी आजारपण आलं तर हीच माणसं डबा घेऊन दारात उभी राहतात. म्हणून तर माझं डोकं जास्त फिरलं. वाईट माणसांशी भांडता येतं. ठरलं असं की रविवारी पाळकसाहेबांनी आणि तिनं मेजासमोर हात मिळवायचा. कशाबद्दल ते मंडळीला सांगायचं नाही, "सरावावरून झालेला गैरसमज" एवढंच. आणि तिला तयार करायचं काम माझं, कारण मी बाई.

"मी नाही करणार," मी म्हटलं.

"मग मी बोलतो तिच्याशी," भाऊजी म्हणाले. माझ्याकडे न बघता.

घरी येऊन मी आमच्या ह्यांच्यासमोर सगळा राग ओकला. आमचे हे कुलूपं दुरुस्त करतात. बोलणं कमी, ऐकणं त्याहून कमी, असा माझा समज होता. माझं बोलून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "कडी आतून आहे?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पिशवी घेऊन गेले आणि वाद्यांच्या खोलीची कडी काढून, भोकं बुजवून, वर रंगाचा हात मारून परत आले. तेवढ्यावर थांबले नाहीत. दाराची लाकडी फळी काढून तिथे काच बसवली. मला सांगितलंही नाही. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मला कळलं.

डॉक्टरांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. चर्चच्या मालमत्तेला हात लावायचा अधिकार यांना कोणी दिला? पंचमंडळाच्या ठरावाशिवाय दार फोडलंच कसं? त्यानंतर ट्रॅव्हल्सवाल्यांचा फोन, मग विमा एजंटांचा. शुक्रवारी सकाळपर्यंत सगळ्यांचे फोन येऊन गेले. कडीसाठी तातडीची बैठक घ्यावी असं ठरत होतं. मी प्रत्येकाला विचारलं, "पोरीसाठी बुधवारी इतका आवाज चढला होता का?" प्रत्येकानं फोन ठेवला. आमचे हे शेजारी बसून चहा पीत होते. म्हणाले, "काच चांगली आहे. जाड आहे."

मला त्या आठवड्यात कुठेच थारा नव्हता. शिकवताना उगाच ओरडले. एका बिचारीला तर गाडी पार्क करताना इतकं बोलले की ती उतरून रिक्षानं घरी गेली. भाजी आणायला गेले आणि पिशवी तशीच रिकामी घेऊन आले. सारखं वाटायचं की काहीतरी करायचं राहतंय, आणि करायचं काय ते कळत नव्हतं.

शनिवारी भाऊजींचा फोन आला. "तिच्या घरी जायचंय. सोडशील का?"

"तुम्हाला सोडते. आत तुमच्या बाजूनं बोलायला नाही येणार."

"नको बोलूस. बस फक्त."

गाडीत मी गप्प बसायचं ठरवलं होतं. दुसऱ्या वळणावर ते मोडलं.

"भाऊजी, शाळेत तुमच्या एका मास्तरानं असंच केलं होतं. आठवतं?"

"आठवतं."

"त्याचा नि त्या मुलीचा हात मिळवून दिला होतात?"

त्यांनी खिडकीची काच खाली केली. मग म्हणाले, "त्याच दिवशी वर्गातून काढला होता. मुलीच्या बापाला घेऊन मी स्वतः चौकीत गेलो होतो."

"मग?"

"ती शाळा होती. इथे क्षमा आहे."

"म्हणजे पोरी शाळेत सांभाळायच्या आणि चर्चमध्ये सोडून द्यायच्या?"

"तू समोर बघून गाडी चालव," ते म्हणाले.

तिच्या घरी आईनं लगबगीनं खुर्च्या पुसल्या. सर घरी आले याचंच तिला दडपण. पोरगी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. भाऊजींनी रविवारचं ठरलेलं सांगितलं. फार हळू, फार चांगल्या शब्दांत सांगितलं. शिकवायचा आवाज होता त्यांचा. आई मान डोलवत होती.

"हात नाही मिळवला तर काय होईल, सर?" पोरीनं विचारलं.

"जबरदस्ती नाही, बाळ. पण लोक म्हणतील, तिनं मनात अढी धरली."

"आणि मिळवला तर ते कुठे जातील?"

"कुठे म्हणजे? कुठेच नाही. मिटलं की मिटलं. हीच तर रीत आहे आपली."

"मग पुढच्या मंगळवारी सरावाला त्या खोलीत कोण असेल?"

भाऊजी आपल्या बुटांकडे बघायला लागले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते. साहेब लोकांना, मंत्र्यांना, कोणालाही उत्तर द्यायला हा माणूस कधी अडला नव्हता. आईनं पोरीला दटावलं, "अगं, सरांना असं विचारतात का?" पोरगी म्हणाली, "मी रविवारी येईन. वाजवायला येईन." आणि आत गेली.

गाडीत बसल्यावर भाऊजींनी खिशातून फोन काढला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवरच असतो. पाळकसाहेब आमच्याकडे येण्याआधी ज्या मंडळीत होते तिथल्या सेक्रेटरींना त्यांनी लावला. नेमणुकीच्या वेळी चौकशी यांच्याकडेच केली होती.

"तुम्ही तेव्हा मला म्हणाला होता, फार प्रार्थनाशील माणूस आहे," भाऊजी म्हणाले.

"हो, म्हणालो होतो."

"आणखी काही सांगण्यासारखं होतं का?"

पलीकडे कोणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. मग तो माणूस म्हणाला, "आत्ता कळलं का तुम्हाला?"

मी वळण घेत होते. चुकीच्या रस्त्याला लागले. एकेरी वाहतुकीत, समोरून टेम्पो. पाटीवर ड्रायव्हिंग स्कूल लिहिलेली गाडी उलट्या दिशेनं घुसलेली बघून टेम्पोवाला हात जोडून हसला. मी गाडी फुटपाथला चिकटवून उभी केली.

फोन चालूच होता. "आम्हीही समेटच केला होता, सर," तो माणूस सांगत होता. "दोघांना बसवलं, प्रार्थना केली. मग त्यांचा निरोपसमारंभही चांगला केला. म्हटलं, जागा बदलली की माणूस सुधारेल. नाव कशाला खराब करा."

"त्या मुलीचं काय झालं?"

"ती येत नाही हो. कुठल्याच चर्चला जात नाही म्हणे आता."

भाऊजींनी फोन तोंडापासून लांब धरला आणि बंद करायचं बटण शोधायला लागले. त्यांचा अंगठा सापडेल तिथे दाबत होता. शेवटी मीच घेऊन बंद केला.

"घरी सोड," ते म्हणाले. उतरताना छत्री गाडीत विसरले, हाक मारली तरी वळले नाहीत. ते रविवारी काय करणार आहेत, मला सांगता आलं नसतं.

रविवारी चर्च भरलेलं होतं. "सरावावरून काही गैरसमज झालाय" एवढी कुजबुज पोचली होती, आणि मेजासमोर कोणीतरी येणार असलं की आमच्याकडे गर्दी होतेच. पोरगी ऑर्गनवर बसली होती, पांढरा शर्ट, केस घट्ट बांधलेले. पाळकसाहेब क्षमेवर बोलले. बोलतात फार छान, हे कबूल करायला हवं. माझ्या पुढच्या बाकावरच्या आजी रुमालानं डोळे पुसत होत्या. माझा पाय थांबत नव्हता. आमचे हे हळूच म्हणाले, "नीट बस, बाक हलतंय."

मग पाळकसाहेब खाली उतरून मेजामागे उभे राहिले. मेजावर पांढरं कापड. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "कोणाच्या मनात कोणाबद्दल काही आहे का?"

भाऊजी उभे राहिले. त्यांनी पुढच्या बाकाला दोन्ही हातांनी धरलं होतं.

"आज मी कोणालाही पुढे बोलावणार नाही," ते म्हणाले.

डॉक्टरांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"भांडण झालेल्या दोघांसाठी ही रीत आहे. इथे भांडण झालेलं नाही. आपल्या पाळकांनी, आपण त्यांच्यावर सोपवलेल्या मुलीवर, बंद खोलीत हात टाकला. एकदा नाही. याआधीच्या मंडळीतही असं झालं होतं आणि त्यांनी ते झाकलं. पंचमंडळाला बुधवारपासून माहीत आहे. बुधवारपासून आम्ही हे कसं झाकायचं तेच ठरवत होतो. आणि आज इथे सगळ्यांसमोर तिला त्यांचा हात धरायला लावणार होतो. ती कल्पना माझी होती. मला लाज वाटते."

मग सगळीकडून एकदम बोलणं सुरू झालं. डॉक्टर उठून म्हणाले, "सर, बसा तुम्ही. तब्येत बरी नाही तुमची." कोणीतरी म्हणालं, पुरावा काय. भाऊजी म्हणाले, "पाळकसाहेब, तुम्ही मेजापासून बाजूला व्हा. चौकशी बाहेरची माणसं करतील."

आणि लोक बघत कुठे होते? पाळकसाहेबांकडे नाही. नाव घेतलं नव्हतं, तरी एकूण एक मान ऑर्गनकडे वळली होती. मला इतका संताप आला की मी उठून मोठ्यानं म्हटलं, "तिकडे काय बघताय? इकडे बघा, मेजाकडे." काही माना वळल्या. काही नाही वळल्या.

पाळकसाहेब बाजूला झाले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, आणि ते खरं असेलही, मला माहीत नाही. ते मेजाला वळसा घालून सरळ ऑर्गनपाशी गेले. सगळ्यांसमोर, हात पुढे करून. आवाज खाली आणून म्हणाले, "सर वडीलधारे आहेत, ते भावनेच्या भरात बोलले. बाळ, तूच सांग मंडळीला. तुझ्या मनात माझ्याबद्दल काही आहे का?"

मी बाकातून बाहेर पडायला निघाले. ह्यांनी माझा हात धरला. "तिला बोलू दे," ते म्हणाले.

पोरीनं त्या हाताकडे पाहिलं. तिचे स्वतःचे हात मांडीवर होते. तिची आई दुसऱ्या बाकावर बसली होती, तोंडावर पदर नाही, रुमाल नाही, काहीच नाही, नुसतं तोंड उघडं. पोरगी आईकडे बघून मग म्हणाली, "आहे."

आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला.

"आहे, आणि ते राहणार," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर जा. तुम्ही गेलात की मी वाजवीन."

त्यांचा हात तसाच पुढे राहिला. मागे घ्यावा तरी कसा, हे त्यांना समजत नव्हतं बहुतेक. पहिल्या बाकावरून पाळकीणबाई उठल्या. मला वाटलं, त्या आता पोरीवर तुटून पडतील. त्या कोणाकडेही न बघता मधल्या वाटेनं चालत गेल्या आणि दार ढकलून बाहेर पडल्या. बायकोला कळलं तर ती मरेल, असं ते म्हणाले होते. चालण्यावरून तरी तिला हे नवीन वाटत नव्हतं. मग तेही गेले, बाजूच्या दारानं.

त्यांच्या मागोमाग डॉक्टर उठले. त्यांची बायको, मुलं, विमा एजंट, त्यांचं सगळं कुटुंब. डोळे पुसणाऱ्या आजी माझ्या बाकाशी थांबून म्हणाल्या, "चर्चची वाट लावलीत तुम्ही लोकांनी." मी पाय आत घेऊन त्यांना वाट करून दिली. माझ्यासारख्या बाईनं उत्तर दिलं नाही, यावरून काय ते समजा. ट्रॅव्हल्सवाले उठले, बसले, परत उठले आणि गेले. फर्निचरवाले मान खाली घालून जागेवरच राहिले. बाकं एकामागून एक रिकामी होत होती. बाहेर गाड्या सुरू होण्याचे आवाज येत होते. एवढ्या कष्टानं विटा वाहून उभ्या केलेल्या जागेतून माणसं निघून जाताना भाऊजी बघत होते, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

त्यांनी मेजावरचं कापड काढलं नाही. त्याच्या कडा तेवढ्या सारख्या केल्या आणि ऑर्गनकडे वळून म्हणाले, "बाळ, पोलिसांकडे जायचं तर उद्या जाऊ. नाही जायचं तर नाही. तू सांगशील तसं."

"उद्या सांगते, सर," ती म्हणाली. "आत्ता कोणतं गाणं?"

भाऊजींना एकही गाणं आठवेना. जन्मभर ज्यांनी आम्हाला गाणी पाठ करायला लावली, ते उभ्या उभ्या लहान मुलासारखे रडायला लागले. तिची आई बाकातून उठली, ऑर्गनपर्यंत गेली आणि लेकीच्या शेजारी त्या अरुंद बाकावर कशीबशी टेकली. पोरीनं तिला जागा करून दिली आणि आपल्या मनानंच वाजवायला सुरुवात केली. उरलेलो आम्ही थोडेजण बेसूर आवाजात गायलो. त्या दिवशी आमच्या चर्चमधून पुष्कळ माणसं उठून गेली. पोरगी मात्र जागची हलली नव्हती.